संपत्तीचा वाटा आणि म्हातारपणाचा सांभाळ : भारतातील वारसा कायद्याचा इतिहास



तुमच्यापैकी बहुतेकांच्या शिक्षणाचा खर्च घरचे लोक करत आहेत. उद्या पदवी मिळेल, नोकरी लागेल आणि पहिला पगार तुमच्या खात्यात जमा होईल. तो पगार कोणाचा? ‘माझा’ असे तुम्ही चटकन म्हणाल. शंभर वर्षांपूर्वी हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलाला हे उत्तर इतक्या सहज देता आले नसते. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे एका आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या कमाईचा वाद गेला होता. कुटुंबाच्या पैशातून विशेष शिक्षण घेऊन मिळवलेली ती कमाई एकत्र कुटुंबाची आहे, असा निकाल लागला. हा नियम बदलण्यासाठी १९३० साली वेगळा कायदा करावा लागला.

पगार कोणाचा, घर कोणाचे आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचे कोणी, हे तीन प्रश्न आज आपण वेगवेगळे मानतो. इतिहासात ते एकमेकांत गुंतलेले होते. गेल्या दोनशे वर्षांत कायद्याने संपत्ती हळूहळू व्यक्तीच्या हाती दिली. त्याच काळात सांभाळाची जबाबदारी मात्र बराच काळ केवळ नीतीवर सोडून दिली. ही फारकत कशी झाली आणि ती भरून काढण्याचा प्रयत्न कसा चालू आहे, हे या पाठात पाहू.

१. दोन ग्रंथ, दोन व्यवस्था

हिंदू वारसा कायद्याच्या दोन मुख्य शाखा दोन ग्रंथांवरून ओळखल्या जातात. पहिला विज्ञानेश्वराचा ‘मिताक्षरा’. ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. दुसरा ग्रंथ जीमूतवाहनाचा ‘दायभाग’. तो बंगालमध्ये आणि आसामात प्रमाण मानला गेला. उरलेल्या बऱ्याचशा भारतात मिताक्षरा चालली. गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात तिच्या जोडीला नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’चा आधार घेतला जाई.

या दोन शाखांतील फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो. बाप कुटुंबाचा कर्ता असला तरी मुलगे त्याचे सहदायाद, म्हणजे त्याच मालमत्तेतले भागीदार. दायभागानुसार मुलाला बापाच्या हयातीत काहीच हक्क नसतो, बाप मेल्यावर तो निर्माण होतो. म्हणून बंगालमधला म्हातारा जमीनदार आपल्या संपत्तीचा शेवटपर्यंत पूर्ण मालक राही. पैठणचा किंवा काशीचा म्हातारा मात्र तरुण मुलांसोबत भागीदारीत असे.

दोन्ही शाखांत एक गोष्ट समान होती. वृद्ध आईबाप, पत्नी आणि लहान मूल यांचे पोषण हे पुरुषाचे वैयक्तिक कर्तव्य मानले जाई. त्याला वारशात काही मिळाले की नाही, याच्याशी या कर्तव्याचा संबंध नव्हता. पुढे इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही हे तत्त्व मान्य केले.

देशात सर्वत्र हीच पद्धत होती असे समजू नका. केरळमधील मातृवंशीय तरवाडात मालमत्ता स्त्रियांच्या वंशाने चाले आणि कारभार करणवन, म्हणजे बहुधा थोरला मामा, पाही. ही व्यवस्था १९७५ च्या केरळच्या कायद्याने संपली. मेघालयातील खासी समाजात वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. तिला ‘का खद्दुह’ म्हणतात. घर तिचे, आणि म्हाताऱ्या आईवडिलांचा सांभाळही तिचाच. ज्या हाती घराची किल्ली, त्याच हाती सांभाळ, हा संबंध इतका उघडपणे सांगणारी दुसरी रीत आपल्याकडे क्वचितच सापडेल.

२. राममोहन रॉय यांचा आक्षेप

जुन्या व्यवस्थेत सगळ्या म्हाताऱ्यांचे ठीक चालले होते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेने वारसा आणि विवाहाच्या बाबतीत हिंदूंना शास्त्रांचा आणि मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचे ठरले. १८१० साली कोलब्रुकने मिताक्षरेचा वारसाविषयक भाग आणि दायभाग इंग्रजीत आणले. पूर्वी पंडितांच्या मतांना आणि स्थानिक रूढींना वाव होता. आता छापील पुस्तक प्रमाण झाले.

या पार्श्वभूमीवर १८२२ साली राममोहन रॉय यांनी स्त्रियांच्या प्राचीन हक्कांवर झालेल्या अतिक्रमणाविषयी एक पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे असे : प्राचीन स्मृतिकारांनी वाटणीच्या वेळी आईला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला होता. बंगालमधल्या नंतरच्या टीकाकारांनी त्याचा अर्थ इतका आकसला की तो वाटा कागदावरच राहिला. मुलगा एकच असेल तर वाटणी होतच नाही, म्हणून आईला काही नाही. मुलगे अनेक असूनही एकत्र राहिले, तरी काही नाही. काल घराची मालकीण असलेली बाई नवरा गेल्यावर मुलांच्या आणि सुनांच्या मर्जीवर जगू लागते, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले.

वृद्धांच्या सांभाळाबद्दलचे हे आधुनिक भारतातील सुरुवातीच्या लेखनांपैकी एक होय. त्यात दयेचे आवाहन फारसे नाही. हातात मालमत्ता नसलेल्या माणसाला घरात मान राहत नाही, हा साधा अनुभव त्यांनी कायद्याच्या भाषेत सांगितला.

३. मृत्युपत्र येते : टागोर खटला

मृत्युपत्राची कल्पना हिंदू धर्मशास्त्रात नव्हती. मुसलमानी कायद्यात ती होती, पण मर्यादित. एकतृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, आणि सुन्नी कायद्यानुसार इतर वारसांच्या संमतीशिवाय एखाद्या वारसाला जादा देता येत नाही. हिंदूंमध्ये मृत्युपत्र इंग्रजी न्यायालयांच्या सहवासाने रुजले, आणि ते सर्वांत आधी बंगालमध्ये. कारण उघड आहे : तिथे बाप पूर्ण मालक होता.

या बदलाचे उत्तम उदाहरण म्हणजे कोलकात्याचे प्रसन्नकुमार टागोर यांचे मृत्युपत्र. ते मोठे जमीनदार आणि नामांकित वकील होते. त्यांचे एकुलते एक पुत्र ज्ञानेंद्रमोहन यांनी १८५१ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एक वर्ष आधीच, १८५० च्या कायद्याने, धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरले होते. म्हणजे बापाने काहीच लिहून ठेवले नसते तर इस्टेट मुलाकडेच गेली असती. प्रसन्नकुमारांनी मृत्युपत्र केले आणि मुलाला वगळले. पुतण्या यतींद्रमोहन याला त्याच्या हयातीपुरता हक्क दिला आणि त्यापुढे कोणाकोणाच्या पुरुषवंशाने इस्टेट चालावी याची इंग्रजी पद्धतीची लांबलचक साखळी आखून दिली. याच मृत्युपत्रातून कलकत्ता विद्यापीठातील टागोर कायदा व्याख्यानमाला सुरू झाली.

प्रसन्नकुमार १८६८ साली वारले आणि मुलाने दावा लावला. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. बाप मुलाला मृत्युपत्राने वगळू शकतो, हे मान्य झाले. पुतण्याचा हयातीपुरता हक्क टिकला. मात्र हिंदू कायद्याला अपरिचित अशी नवी वारसपरंपरा कोणाला निर्माण करता येणार नाही आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनाच्या वेळी जन्मालाच न आलेल्या व्यक्तीला देणगी देता येणार नाही, म्हणून पुढची साखळी रद्द ठरली. अजन्म व्यक्तीला मर्यादित प्रमाणात देणगी देण्याची मुभा नंतर १९१६ च्या कायद्याने मिळाली.

मुसलमान कुटुंबांनाही असाच अनुभव आला. वंशजांच्या चरितार्थासाठी केलेला कौटुंबिक वक्फ १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने अवैध ठरवला. १९१३ साली महंमद अली जिना यांनी पुढाकार घेऊन संमत करून घेतलेल्या कायद्याने तो पुन्हा वैध झाला.

दरम्यान कागदाचे नियमही ठरत गेले. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या प्रदेशात आणि मुंबई व मद्रास शहरांत मृत्युपत्र लेखी असणे आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असणे आवश्यक झाले. १ जानेवारी १९२७ पासून हा नियम देशभरातील हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू झाला. आज आपण ‘दोन साक्षीदार हवेत’ म्हणतो, त्यामागे हा इतिहास आहे.

४. पगार आपला होतो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या कायद्यात ‘विद्याधन’ अशी संज्ञा होती. कुटुंबाच्या खर्चाने विशेष विद्या मिळवली असेल, तर त्या विद्येची कमाई एकत्र कुटुंबाची. रेल्वे, कचेऱ्या, वकिली आणि वैद्यकी यांनी नवा पगारदार वर्ग तयार केला, तेव्हा हा नियम जाचक वाटू लागला. मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकर यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३० चा हिंदू विद्याधन कायदा आला. शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, त्या शिक्षणाची कमाई कमावणाऱ्याचीच, असे ठरले.

हा बदल न्याय्यच होता. पण त्याचा दुसरा परिणाम लक्षात घ्या. आईबापांची गुंतवणूक शेतात असेल तर तिच्यावर त्यांचा ताबा राही. मुलाच्या शिक्षणात घातलेल्या पैशावर कायद्याने त्यांचा कोणताही हक्क उरला नाही. मध्यमवर्गीय आईबाप आजही आयुष्याची मोठी पुंजी याच ठिकाणी गुंतवतात.

५. १९५६ : आईचा वाटा आहे, वडिलांचा नाही

१९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने हिंदू विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तिच्या हयातीपुरता. हिंदू संहितेच्या विधेयकाचे पुढे काय झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा का दिला, हे तुम्ही अन्यत्र वाचाल. संहितेचे तुकडे होऊन १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला. विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला. मिताक्षरेतील सहदायादालाही आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येऊ लागले. २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मापासून सहदायाद झाली.

समजा, मृत्युपत्र न करता एखादा माणूस वारला आणि मागे पत्नी, मुलगा, मुलगी, आई व वडील आहेत. त्याची स्वतःची मालमत्ता ४० लाख रुपयांची आहे. त्याच्या आईवडिलांना काय मिळेल, हे तो कोणत्या कायद्याखाली येतो यावर ठरते :

– हिंदू उत्तराधिकार कायदा : पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना प्रत्येकी १० लाख. आई पहिल्या वर्गातील वारस आहे. वडील दुसऱ्या वर्गात असल्याने त्यांना काही नाही.
– मुसलमानी कायदा : मृताला मूल असेल तर आईला एकषष्ठांश आणि वडिलांना एकषष्ठांश.
– पारशी (भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५) : आई आणि वडील या प्रत्येकाला एका मुलाच्या वाट्याच्या निम्मा वाटा.
– ख्रिस्ती (तोच कायदा) : पत्नीला एकतृतीयांश, उरलेले मुलांना. मुले असताना आईवडिलांना काही नाही.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. तिथे निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, मुले नसतील तर आईवडिलांचा हक्क येतो. मृत्युपत्राने हा राखीव भाग सहसा हिरावून घेता येत नाही.

तरुण मुलगा अपघातात गेला आणि त्याने काही लिहून ठेवले नसेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या वडिलांच्या हाती काय येईल, हे वरच्या यादीवरून समजते. मृत्युपत्र हा फक्त म्हाताऱ्यांचा विषय नाही, तो कमावत्या तरुणाचाही आहे.

६. सांभाळ कायद्यात येतो

१९५६ च्याच हिंदू दत्तक व पोषण कायद्याने वृद्ध किंवा अशक्त आईवडिलांचे पोषण मुलगा आणि मुलगी या दोघांवर बंधनकारक केले. पण त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीची तरतूद पत्नी आणि मुलांसाठीच होती. १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ मध्ये प्रथमच आईवडिलांचा समावेश झाला, आणि तो सर्वधर्मीयांसाठी. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लग्न झालेली, स्वतः कमावणारी मुलगीही यातून सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

ज्यांच्याकडे मालमत्ता नाही आणि मुलांकडेही काही नाही, त्यांचे काय? १९९५ साली केंद्राने गरीब वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. २०११ च्या सुधारणेनंतर त्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० पासून पुढे ५०० रुपये असा ठरला. राज्ये आपापली भर घालतात. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक सुमारे १० कोटी ४० लाख होते, हे लक्षात घेतले की प्रश्नाचा आकार कळतो.

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पोषण व कल्याण कायदा झाला. दाद उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे मागायची, निर्वाहभत्त्याचा निर्णय ९० दिवसांत व्हावा आणि भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये असावी, असे त्यात म्हटले आहे. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत जो नातेवाईक त्याची मालमत्ता वापरतो किंवा पुढे वारशाने घेणार आहे, त्याच्यावर वाट्याच्या प्रमाणात जबाबदारी टाकली आहे. दोनशे वर्षांत सुटत गेलेली गाठ कायदा इथे पुन्हा बांधताना दिसतो : घ्यायचे असेल तर सांभाळायलाही हवे.

७. बक्षीसपत्र आणि कलम २३

याच कायद्याचे कलम २३ सर्वांत जास्त वादात आले. ज्येष्ठ नागरिकाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते.

अडचण ‘अट’ या शब्दात होती. आई मुलाच्या नावावर घर करते तेव्हा कागदावर ‘प्रेमापोटी’ एवढेच लिहिलेले असते. मुलगा सांभाळेल हे गृहीत असते, म्हणून ते कोणी लिहीत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे सिद्ध झालेच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने हा कल्याणकारी कायदा उदारपणे वाचला. २०१९ च्या बक्षीसपत्रासोबत मुलाने सांभाळाचे वेगळे वचनपत्र दिले होते. ते धरून बक्षीसपत्र रद्द झाले आणि घर आईला परत मिळाले. त्या आईला तारले ते एका लेखी कागदाने.

या कायद्यालाही मर्यादा आहेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सासू-सासऱ्यांनी या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा राहत्या घरातील हक्क डावलता कामा नये. आणि इथेच या सगळ्या इतिहासातली एक मोठी रिकामी जागा दिसते. बहुसंख्य घरांत म्हाताऱ्या माणसाला जेवू घालणे, औषध देणे, अंघोळ घालणे ही कामे सून करते. तिचा नवरा हयात असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात ती सासू-सासऱ्यांची वारस नाही. वाटा एकाला आणि कष्ट दुसऱ्याला, ही विषमता कोणत्याही कलमाने अजून दूर केलेली नाही. मृत्युपत्र लिहिणारा माणूस ती दूर करू शकतो, कारण सुनेच्या नावे काही ठेवायला कायद्याची आडकाठी नाही.

८. आजच्या घरासाठी चार गोष्टी

हा पाठ कायदेशीर सल्ला नाही, कागद करताना वकिलाला विचारावे. पण इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी घरी बोलण्यासारख्या आहेत.

पहिली, मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. ते कितीही वेळा बदलता येते. नोंदवलेले बक्षीसपत्र असे सहज मागे घेता येत नाही. म्हणून राहते घर हयातीत देऊन टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा. द्यायचेच असेल तर सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क त्याच दस्तात लिहावा.

दुसरी, बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला असे नाही. नॉमिनी सहसा रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. आयुर्विम्यात २०१५ पासून जवळच्या नातेवाईक नॉमिनींसाठी वेगळा नियम आहे.

तिसरी, मुखत्यारपत्रावर फार भिस्त ठेवू नये. मालकाच्या मृत्यूने ते संपते. स्मृतिभ्रंशाने त्याची निर्णयक्षमता गेली तरीही कायद्याने ते संपते, आणि गरज नेमकी तेव्हाच असते.

चौथी, अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवता येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते.

समारोप

मिताक्षरेच्या काळात वाटणी आणि पोषण यांचा विचार एकाच चौकटीत होई, तरी विधवा आई त्या चौकटीच्या कडेला होती. इंग्रजी अमदानीत मृत्युपत्राने मालकाला स्वातंत्र्य दिले, १९३० ने कमावणाऱ्याला दिले आणि १९५६ ने स्त्रीला मालकी दिली. प्रत्येक पाऊल योग्य दिशेने होते. पण पूर्वी गृहीत धरलेला सांभाळ आता कोठेतरी लिहावा लागतो, हे आपल्या घरांना अजून उमगलेले नाही. आईवडिलांकडे हा विषय काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, असे आपल्याकडे मानतात. पण त्यांच्या उरलेल्या वर्षांचा विचार याच बोलण्यात होतो. तो विषय तुम्ही काढलात तर बहुधा त्यांनाही हायसे वाटेल.

स्वाध्याय

१. दायभाग आणि मिताक्षरा यांतील फरकाचा वृद्ध पित्याच्या स्थानावर काय परिणाम होत असे?
२. टागोर खटल्यात मुलाला वगळणे मान्य झाले, पण पुढची वारससाखळी रद्द ठरली. या दोन निष्कर्षांमागील तत्त्वे लिहा.
३. तुमच्या कुटुंबाला कोणता वारसा कायदा लागू होतो? मृत्युपत्र नसेल तर आजी-आजोबांचा वाटा किती, ते काढा.
४. सांभाळ करणाऱ्या सुनेला वारसाहक्क असावा का? दोन्ही बाजूंनी दहा-दहा ओळी लिहा.